पोच

“विचारा त्यांना,” प्रधान साहेब म्हणाले, “खोलीतला आपला अर्धा हिस्सा तुमच्या नावावर करायला त्यांची संमती आहे का?”

साहेबांनी हे विचारलं राजेशला. ज्याच्या नावावर हिस्सा जाणार, त्यालाच. सरकारी टेबलाला यात काही वावगं वाटलं नाही. अंबिका जन्मापासून बहिरी, राजेश तिचा धाकटा सख्खा भाऊ, आणि बाहेर बाकांवर चाळीस माणसं खोळंबलेली. लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. बापाच्या मागे राहिलेली दहा बाय बाराची खोली कोणाच्या नावावर चढायची, ते आज परळच्या या कचेरीत ठरणार होतं. साहेबांच्या मागे भिंतीवर मोठी पाटी होती : ‘दिव्यांगांना सर्व साहाय्य पुरवणे ही शासनाची जबाबदारी आहे.’ तिच्या खाली साहेबांचा जेवणाचा डबा ठेवलेला होता.

राजेश बहिणीकडे वळला. दोन्ही तळहात जुळवून त्याने छप्पर केलं, हात फाकवून ते मोठं केलं, मग आधी तिच्याकडे आणि नंतर स्वतःकडे बोट दाखवलं. नवं घर. मोठं. तुझं नि माझं. ही त्यांची घरातली भाषा, आईने घडवलेली. ‘माझ्या नावावर’ एवढं मात्र त्याच्या हातांतून आलं नाही.

अंबिकाने मान हलवली.

“हो म्हणाल्या,” साहेब कॉम्प्युटरवरच्या मालनबाईंना म्हणाले. “लिहून घ्या, ‘माझी संमती आहे.’”

समोरचा सांगत असला की अंबिका मान हलवते. कळतंय, पुढे सांग, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या मजल्यावरचं शेंबडं पोरही हे सांगेल. राजेशने खिशातलं पेन चाचपलं.

“या तुमच्याकडेच राहणार ना?”

“मग काय, साहेब. सख्खी बहीण आहे. जाणार कुठे?”

“कोणाचा दबाव नाही ना, तेही विचारा. लिहावं लागतं.”

राजेशने अंगठा तोंडाकडे नेऊन भुवया उंचावल्या. पाणी पिणार का? अंबिकाने हात हलवून नको म्हटलं.

“दबाव नाही,” साहेब म्हणाले. “घ्या.”

इतकं सोपं होतं ते. प्रिंटर घरघरला, कागद अंबिकापुढे आला, राजेशने स्वतःचं पेन टोपण काढून तिच्या हातात दिलं. सहीच्या जागी मालनबाईंनी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती.

अंबिकाने सही केली नाही. ती कागदावर बोट ठेवून वाचू लागली. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकली होती. सरकारी मराठी तिला निम्मीही लागत नसे, पण नावं लागत. हिस्सा मिळणारा : राजेश. दुभाषी : राजेश. तिचं स्वतःचं नाव अगदी तळाला, फुलीच्या खाली.

“सही कर ना गो,” राजेश मोठ्याने म्हणाला. तिला ऐकू येत नाही, हे तो घाईत विसरला.

अंबिकाने पेन खाली ठेवलं. पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून घडी घातलेला एक कागद. गिरणीत जन्म घालवलेल्या बापाने तिला एकच सरकारी विद्या शिकवली होती : अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची, आणि ती पोच जिवापलीकडे जपायची. घडी उलगडून तिने कागद साहेबांपुढे सरकवला. शिक्का याच कचेरीचा होता, तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

साहेब मोठ्याने वाचू लागले. अक्षर टपोरं होतं, वाक्यं तुटकी.

“मी अंबिका. ऐकायला येत नाही. सुनावणी दिवस खुणा भाषा माणूस पाहिजे. सरकारी पाहिजे...”

साहेब थांबले. शेवटची ओळ त्यांनी जरा हळू वाचली.

“भाऊ नको.”

मालनबाईंची बोटं कीबोर्डवरून खाली आली. साहेबांनी फाइल ओढली, पानं उलटली. मूळ अर्ज तिथेच होता, दोरीत नीट ओवलेला. त्याच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं होतं : ‘पाहिले. फाइलला लावा.’ खाली साहेबांचीच सही. त्यांनी फाइल मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

राजेश त्या टपोऱ्या अक्षराकडे बघत बसला होता. तीन महिने त्याच घरात ती त्याच्या पोरींच्या वेण्या घालत होती, त्याला ताट वाढत होती.

“ताय,” तो पुटपुटला. ते शब्दच राहिले, तिच्यापर्यंत गेले नाहीत.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “हा जबाब रद्द करू. पुढची तारीख देऊ, दुभाषी बोलावू.” आणि सवयीने ते पुन्हा राजेशकडे वळले. “सांगा त्यांना.”

राजेशचे हात टेबलाखाली होते. ते वर आले नाहीत.

अंबिकाने दोघांकडे पाहिलं. काय झालं ते तिला कुणी सांगणार नव्हतं. तिने आपली पोच उलटी केली, कोऱ्या बाजूवर पेन आडवं ठेवलं, कागद साहेबांच्या हाताशी नेला आणि बोटाने हवेत लिहिल्याची खूण केली. मग मूठ वळून टेबलावर एकदा जोरात आपटली, शिक्का मारतात तशी.