मोहरीतली पिन

पिन मोहरीच्या डब्यातच होती. शरयूने मनगटापर्यंत हात घालून ती वर काढली, तेव्हा तिला पाच-सहा दाणे चिकटलेले होते. तिने ती पदराला पुसली. बोटाएवढी पोलादी नळी, पण मेलीने तीन महिने जिवाला केवढा घोर लावला होता. आज ती जागेवर ठेवायची आणि मोकळं व्हायचं, असं शरयूने पहाटेच ठरवलं होतं. अंबादासराव न्हाणीघरात होते. पाण्याचा आवाज येत होता तोवरच काय ते उरकायला हवं होतं.

मागच्या व्हरांड्यात यामाहा उभी होती. पंच्याऐंशी सालची, पहिल्यावहिल्या खेपेतली, इंजिन थेट जपानचं. अंबादासराव फॅक्टरीच्या टूलरूममध्ये नोकरीला होते, तेव्हा थंडीत दोघं याच गाडीवर शहराबाहेर पनागरला मटार आणायला जात. मग स्कूटर आली आणि ही कोपऱ्यात पडली. गेल्या दिवाळीनंतर अंबादासरावांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परतली, हात परतला, उजवा पाय तेवढा परका राहिला. चप्पल मागे सुटली तरी त्यांना कळत नसे. डॉक्टरांनी बजावलं, दुचाकीचं नाव काढायचं नाही. त्यावर या गृहस्थांनी काय करावं? घरी आल्या आल्या गाडीवरची ताडपत्री ओढली आणि पाना हातात घेतला.

“फर्स्ट क्लास करून ठेवतो,” ते म्हणाले. “अन् पहिली चक्कर पनागरची. तू मागं बसशील.”

शरयूने डॉक्टरांची आठवण करून दिली. पण सांगून ऐकतील तर ते अंबादासराव कसले! टाकी रंगली, चाकं लखलखली. इंजिन सुटं होऊन पांढऱ्या चादरीवर मांडलं गेलं, एकेका भागाखाली आकड्याची चिठ्ठी. टूलरूमची चौतीस वर्षांची सवय होती ती. आता इंजिन जुळवायला घेणार, त्याच्या आदल्या दुपारी ते झोपले असताना शरयूने सतरा नंबरच्या चिठ्ठीवरची पिन उचलली. पिस्टन त्या पिनेवर धरलेला असतो, तिच्यावाचून इंजिन जुळतच नाही, हे त्यांनीच तिला कौतुकाने समजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना नुसती चिठ्ठी दिसली. त्यांनी शोधाशोध केली नाही, घर डोक्यावर घेतलं नाही. “पिन दिसत नाही,” एवढंच म्हणाले. शरयूने देवाचे आभार मानले. तरी चोराच्या मनात चांदणं. पुढचे आठ दिवस तिने त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

मग रोजचंच झालं. सकाळी ते ई-रिक्शाने घमापुरच्या बाजारात पिन शोधायला जात आणि पिशवीत भेंडी नाहीतर दोडके घेऊन परत येत. फाटकाशी शेजारचे तिवारीजी हमखास अडवत.

“भाऊसाहब, गाड़ी कब निकल रही है?”

“बस, एक पिन नहीं मिल रही. बाकी सब तैयार है,” अंबादासराव सांगत.

मग दुपारपर्यंत त्या चादरीपुढे बसत. हातात फडकं, आणि पुसलेलंच पुन्हा पुसणं. त्यांना तसं बसलेलं पाहून शरयूला स्वतःचीच शरम वाटू लागली. पायाने दगा दिला तो दिलाच, उरलेला एक आनंद होता तो आपण डब्यात कोंडून ठेवला. काय व्हायचं ते होवो, पण माणूस असा बसलेला पाहवत नाही.

तिने पिन सतरा नंबरवर ठेवली. तेव्हा तिला पदरावरचा तेलाचा डाग दिसला. कोरड्या मोहरीत तेल कुठलं, असं तिच्या मनात येतं न येतं तोच मागे चप्पल फरफटल्याचा आवाज झाला.

अंबादासराव खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते. चादरीकडे पाहत होते. आनंद म्हणावा तसा चेहऱ्यावर काहीच नव्हता.

“काहून काढली तू?” ते म्हणाले. “मोहरीत बरी होती.”

शरयूने वळून पाहिलं. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“तू देवळात गेली होती, मी पोहे करून राहिलो होतो. हाताला लागली.” ते हळूच स्टुलावर टेकले. “मग दर शनिवारी तेल लावून परत ठेवत गेलो. पावसाळ्यात गंजली असती ना.”

“मग बसवली काहून नाही?”

त्यांनी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून नीट समोर ठेवला.

“इंजिन खोलायच्या आधी किक मारून पाहिली होती मी. पाय दाबतच नाही.” ते पायाकडेच पाहत होते. “पिन नव्हती तोवर गाडी बिघडलेली होती, शरयू. आता लोकांना काय सांगू?”

पाय आणून देणं तिच्या हातात नव्हतं. तेवढ्यात फाटक वाजलं. तिवारीजींचा खाकरा ऐकू आला.

तिने वाकून सतरा नंबरवरची पिन उचलली, मुठीत घट्ट धरली, आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अहो, आज तरी घमापुरात नीट पाहा ती पिन. अन् येताना मोहरी घेऊन या, डबा अर्धा झाला.”