पुसण्याआधी

भाईदासने इंटरनेटवरचं ते पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे वळवला. समोर पारोळ्याच्या शेवंताबाई आणि त्यांची मुलगी चंद्रकला बसल्या होत्या. पानावर चंद्रकलाचं नाव होतं, घरचा फोन नंबर होता आणि खाली घाण. नऊ दिवस परके पुरुष त्या नंबरवर फोन करत होते. काकांनी तिचं जळगावचं कॉलेज बंद करायचं ठरवलं होतं.

जळगावात इंटरनेट येऊन वर्षही झालं नव्हतं. भाईदास ते घरोघरी जोडून देत असे. पान त्याच्याच दुकानातल्या सर्व्हरवर होतं; ते कोणाच्या जोडणीवरून चढलं, हे त्याला दोन मिनिटांत कळलं. बाजारपेठेतल्या बड्या घरचा मुलगा. त्याच्या वडिलांनीच भाईदासला पहिली गिऱ्हाइकं मिळवून दिली होती.

"आम्ही फक्त लाइन देतो, अक्का," तो म्हणाला. "त्या लाइनवरून कोण काय लिहितं, त्याला आम्ही काय करणार?"

"भाऊ, तुम्ही फक्त ते पुसी टाका," शेवंताबाई म्हणाल्या. "आमले दुसरं काही नको."

भाईदासला हायसं वाटलं. एक बटण दाबलं की मिटलं. त्याने हात पुढे केला.

"पुसू नका," चंद्रकला म्हणाली. "आधी कागदावर काढा. नुसतं पुसलं तर तो उद्या पुन्हा लिहील, आणि माझ्या हातात काहीच नसेल."

"पोलिसांत गेलीस तर तुझंच नाव चारचौघांत होईल," भाईदास म्हणाला.

"ते झालंच आहे."

भाईदासने पुढे केलेला हात मागे घेतला. परवाना घेताना त्याने कितीतरी कागदांवर सह्या केल्या होत्या. लाइनवर बेकायदा मजकूर आढळला तर कळवायचं, असं त्यातल्या एकावर होतं. तेव्हा तो घाईत होता.

त्याने प्रिंटर चालू केला. निघालेल्या कागदावर तारीख, वेळ आणि जोडणीचा नंबर लिहिला, सही केली, शिक्का मारला. मग पान पुसलं, दुकानाचं शटर ओढलं आणि तो त्या दोघींबरोबर पोलीस ठाण्यात गेला.

हवालदाराने कागद दोनदा वाचला. असली तक्रार त्याच्याकडे पहिल्यांदाच येत होती.

"तक्रारदार म्हणून नाव कोणाचं लावू?" त्याने आवाज खाली आणला. "मुलीचं नाव नको असेल तर..."

"माझं लावा," भाईदास म्हणाला. "लाइन माझी आहे. कळवायचं काम माझं."

"माझंही लावा," चंद्रकला म्हणाली. "पूर्ण नाव."

हवालदाराने शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या मघापासून तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांनी पदर खाली घेतला, खुर्ची टेबलाजवळ सरकवली.

"सावकाश लिखा, भाऊ," त्या म्हणाल्या. "ती वाचीसन मंग सही करी."