शेवंतीच्या मधोमध

“काका, यात काकू कुठे आहेत?” फोटोच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

मान-सोकने पडद्यावर बोट ठेवलं. “ही काय. कड्याच्या खाली. लाल जाकीट.”

मुलीने फोटो मोठा केला. लाल जाकिटाचे चौकोन झाले. चेहऱ्याच्या जागी चार-पाच भुरकट ठिपके उरले. तिने दुसरा फोटो उघडला, मग तिसरा, मग थेट दहा वर्षं मागचा. सगळीकडे तेच.

“हे फार लहान केलेले आहेत, काका. मूळ फोटो द्या ना.”

“हेच मूळ,” तो म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं, की मूळ आता कुठेच नाहीत.

त्याची बायको पिल-नाम त्या पहाटे गेली होती. इस्पितळाच्याच तळघरात तिच्यासाठी अंत्यदर्शनाचं दालन मिळालं होतं. पांढऱ्या शेवंतीची आरास मांडून झाली होती आणि मधोमध फोटोची जागा रिकामी होती. चार वाजल्यापासून लोक येणार होते. त्यांनी वाकायचं ते त्या फोटोपुढे.

दोन महिन्यांपूर्वी त्याने तिच्या पलंगाशेजारी तळहाताएवढी एक फ्रेम आणून ठेवली होती. आपोआप फोटो बदलणारी. मोठे फोटो तिच्यात मावेनात. मग त्याने इंटरनेटवरून फुकटचं एक सॉफ्टवेअर उतरवलं आणि घरच्या डिस्कवरचे नऊ हजार फोटो एका दमात त्याच्यात घातले. लहान केलेली प्रत वेगळी ठेवायची का, असं त्या सॉफ्टवेअरने विचारलं होतं. उगाच जागा कशाला अडवायची, म्हणून मान-सोकने ‘मूळ फोटोवरच’ या चौकोनात खूण केली. जन्मभर जहाजांचे आराखडे काढलेला माणूस. तो कशाला कुणाला विचारतोय?

“अकरा मिनिटं,” त्याने तिला फुशारकीने सांगितलं होतं. “नऊ हजार फोटो. आणि एक छदाम खर्च नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली होती. “आता मी औषधाच्या डबीत मावेन.”

तो हसला होता.

तरी चेहरा मोठा असता तर काहीतरी वाचलं असतं. पण त्याला डोंगरांचे फोटो काढायचा नाद. कडा किती उंच आहे ते कळावं म्हणून तो तिला पायथ्याशी उभं करायचा आणि ओरडायचा, “मागे सरक! अजून मागे!” ती सरकायची. तीस वर्षं ती मागे मागे सरकत होती.

“एक तरी जवळून काढायचा होतात, भाऊजी,” मेव्हणी म्हणाली. मल-जा सकाळच्या बसने दक्षिण किनाऱ्यावरच्या येओसुहून आली होती. रडून तिचे डोळे सुजले होते, पण जिभेची धार तशीच होती. “बायको होती की मोजपट्टी?”



“ओळखपत्र आहे का काकूंचं?” मुलीने मध्येच विचारलं. “पुष्कळ लोकांचं आम्ही त्यावरूनच करतो. छान होतं.”

मल-जाने बहिणीची पर्स उघडली आणि कार्ड काढून दिलं. इस्पितळाच्या खिडक्यांवर मान-सोकने ते शंभरदा पुढे केलं असेल. नीट पाहिलं एकदाही नव्हतं.

तासाभरात फोटो आला. काळी चौकट, कोपऱ्याला काळी फीत. तो शेवंतीच्या मधोमध बसवला तेव्हा मल-जाच्या तोंडून हुंदका फुटला. मान-सोक मात्र नुसता बघत राहिला. चाळिशीची बाई. मोकळं कपाळ. खांदे सैल सोडलेले. ओठ मिटलेले, पण आत्ताच कशाला तरी हसून मिटल्यासारखे. असा चेहरा त्याच्या घरात त्याने कधी पाहिला नव्हता. आणि अंगातला हिरवा स्वेटरही ओळखीचा नव्हता.

“स्वेटर माझा आहे,” मल-जा म्हणाली.

तेव्हा त्याला साल आठवलं. सगळ्या देशाची ओळखपत्रं बदलून प्लास्टिकची झाली ते साल. कार्डावरचा फोटो तेव्हाचाच. त्या वर्षी पिल-नाम घर सोडून बहिणीकडे गेली होती. सात महिने. त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, की सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, म्हणून गेलीय. सासूबाई तेव्हा रोज बाजारात बसून मासळी विकत होत्या.

चारला लोक यायला लागले. बाहीवर सुतकाची पट्टी बांधून तो फोटोच्या बाजूला उभा राहिला. लोक वाकत होते, त्याच्याकडे वळून पुन्हा वाकत होते आणि शेजारच्या खोलीत लाल रस्सा-भात खायला जात होते. डोंगर चढणाऱ्या मंडळातला जुना दोस्त ग्वाक फोटोपुढे बराच वेळ थांबला.

“वहिनी इतक्या सुखी दिसतायत,” तो डोळे पुसत म्हणाला. “तुझ्याशिवाय कोण काढणार असा फोटो! तूच काढलास ना?”

मल-जा रश्श्याचे वाडगे घेऊन दारातून चालली होती. ती थांबली.

“हो,” मान-सोक म्हणाला. “मीच.”

ग्वाकने त्याचा खांदा दाबला आणि तो जेवायला गेला. मल-जा जवळ आली. आवाज तिने अजिबात चढवला नाही.

“भाऊजी, तेवढे सात महिने तरी तिचे तिला राहू द्यायचे होते.”

तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. फोटो घरी आला. मान-सोकने तो जेवायच्या टेबलावर, तिच्या खुर्चीसमोर भिंतीला टेकवून ठेवला आणि एकटाच भात घेऊन बसला.

ती घर सोडून का गेली, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. ती परत का आली, हे मात्र पंचवीस वर्षांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं. ते विचारायचं राहिलं.