हललेले फोटो

तान्ह्या चिऊला पहिल्यांदाच आजीजवळ ठेवून रोशनी आणि पियुष दिवसभरासाठी नागपूरबाहेर पडले होते. आज घरी फोन करायचा नाही, ही अट पियुषचीच. कळमेश्वर रोडवरचं सिमेंटचं दोन मजली संत्रं बघायला ते उतरले, पण रोशनीचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. संत्र्यासमोर उभी असतानाही ती या पायावरून त्या पायावर झुलत होती, रिकाम्या हातांनी.

"काहून झुलून राहिली वं? पोरगी घरी हाये. आजचा दिवस तरी मोकळी राह्य," पियुष हसला. ती ओशाळली.

पुढे एका हौशी माणसानं आपल्या घरातच मांडलेलं जुन्या कुलपांचं संग्रहालय होतं. भिंतीवरच्या टोपलीएवढ्या कुलपाशेजारी पियुषनं तिला उभं केलं आणि फोटो काढला. हलला. दुसरा काढला, तोही हलला.

"तुले एक मिनिट सरळ उभं राहता येत नाही का?"

या वेळी रोशनी भिंतीला पाठ टेकून, श्वास रोखून उभी राहिली. तरी फोटो हललाच. तिनं मोबाइल हातात घेऊन नीट पाहिलं.

"मी हालली असन, मान्य. पण हे कुलूप कसं हाललं गा?"

तिनं मान वर केली. पियुष समोर तसाच उभा होता, या पायावरून त्या पायावर झुलत. मोबाइल गेल्यामुळे मोकळा झालेला त्याचा हात त्याच्याच खांद्यावर हळूहळू थोपटत होता.