दोघांच्या मधून बाजूला

शुक्रवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी जॉर्जियातल्या एका जिल्ह्याचे पोलीस आणि तुरुंग सांभाळणारा शेरीफ हॉइट ब्रॅनम तिथल्या निवडणूक कार्यालयात आला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. नाव मागे घेण्याची मुदत पाचला संपत होती.

बाकावर लोरेटा गॅस्किन्स बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर माघारीचा अर्ज. सही तेवढी बाकी होती.

मंगळवारी पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक झाली होती. दुसऱ्या पक्षाने कोणी उभाच केला नव्हता, त्यामुळे इथे जिंकेल तोच शेरीफ. ब्रॅनमला ४,११२ मतं पडली, लोरेटाला २,३०६ आणि तुरुंगाचा माजी पहारेकरी फेरेल मोब्ली याला २,२४५. निम्म्याहून जास्त कोणालाच नाहीत. म्हणून पहिल्या दोघांत चार आठवड्यांनी फेरमतदान.

त्यात लोरेटा हरणार, हे ती स्वतःही जाणून होती. चर्चमधल्या बायका म्हणत होत्या, हरलीस तरी चालेल, उभी राहा. पाद्री म्हणत होते, झालं एवढं पुरे. तिने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. राजकारणाशी तिचा संबंध एवढाच, की तिचा धाकटा भाऊ लेनियर तीन वर्षांपूर्वी ब्रॅनमच्या तुरुंगात मेला. त्याला मधुमेह होता. इन्सुलिन मागत मागत तो गेला, असं शेजारच्या कोठडीतला कैदी सांगत असे. नोंदवहीत वेगळंच लिहिलं होतं. प्रचारात ब्रॅनम आणि मोब्ली एकमेकांबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. दोघंही तिच्यावरच घसरत होते. भाऊ नशेबाज, बहीण खोटारडी.

बुधवारी ब्रॅनमचा मेहुणा वेंडेल प्रूइट उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन तिच्या पडवीत आला.

"बाई, नदीपलीकडे अलाबामात तीन निवडणुका लढवल्यात मी," तो म्हणाला. "दुसरा बाजूला झाला की पहिला निवडून आला. विषय संपला. तुम्ही कशाला चार आठवडे उन्हात दारोदार फिरता?"

"हॉइटला माझी भीती वाटते?"

"भीती कसली? पण जाल त्या चर्चमध्ये तुम्ही तेच मढं उकरून काढता. ऐकायला बरं वाटत नाही लोकांना."

लोरेटाने एक शेंग सोलली. दाणे खाल्ले. टरफल त्याच्या पिशवीत परत टाकलं.

"त्याला सांग, स्वतः ये. कार्यालयात, चारचौघांत, माझ्याकडे माग. मग सही करते."

चारचौघं आता हजर होते. दाराशी वेंडेल. खिडकीजवळ गावच्या साप्ताहिकाचा बातमीदार. टेबलामागे कार्यालयप्रमुख इडेला ट्रॅमेल.

"लोरेटा, माघार घे," ब्रॅनम म्हणाला. "विनंती करतो."

"मोठ्यानं म्हणा, साहेब. इडेलाबाईंना कमी ऐकू येतं."

"मला चांगलं ऐकू येतं," इडेला म्हणाली. "तरी म्हणू दे."

ब्रॅनमची मान लाल झाली. तो पुन्हा म्हणाला. बातमीदाराने लिहून घेतलं. लोरेटाने सही केली. इडेलाने अर्ज वाचला, शिक्का मारला आणि वेळ लिहिली. चार एकावन्न.

"झालं," वेंडेल म्हणाला. "हॉइट, चल. बिनविरोध आलास."

"बिनविरोध कसा?" इडेलाने चष्मा काढला. "पहिल्या दोघांतला एक गेला की तिसरा वर येतो. जॉर्जियाचा नियम आहे. अलाबामाचं अलाबामात."

वेंडेलने ब्रॅनमकडे पाहिलं. ब्रॅनम वीस वर्षं पहिल्याच फेरीत निवडून येत होता. फेरमतदानाचा नियम वाचायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. लोरेटाने तो बुधवारी सकाळीच, वेंडेल यायच्या आधी, याच टेबलापाशी उभं राहून दोनदा वाचला होता.

"अर्ज परत घे," ब्रॅनम लोरेटाला म्हणाला.

"शिक्का पडला, साहेब."

इडेलाने फोन लावला. "फेरेल, तुझं नाव आलं फेरमतदानाला. हो, ब्रॅनमच्या विरुद्ध. नाही, ती नाही आता. तुम्ही दोघंच." मग तिने फोन ठेवला.

लोरेटाने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि ब्रॅनमच्या टोपीशेजारी ठेवला. तुरुंगाच्या नोंदवहीतल्या, लेनियर मेला त्या रात्रीच्या पानाची नक्कल. तीन वर्षांत घड्यांवर विरली होती. कैद्याने औषध नाकारले, रात्री दोन वाजून दहा मिनिटे. खाली सह्या दोन होत्या. एक ब्रॅनमची, एक मोब्लीची.

"मी मध्ये होते तोवर तुम्हा दोघांना बरं होतं," ती म्हणाली. "आता जिंकायचं असेल तर त्या रात्रीचं एकाला दुसऱ्याबद्दल बोलावं लागेल. आधी कोण बोलतो ते बघते."

उमेदवारांची जाहीर चर्चा पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहाला शाळेच्या सभागृहात आहे. येतो, असं दोघांपैकी कोणीही अजून कळवलेलं नाही. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची लोरेटा गॅस्किन्सने राखून ठेवली आहे.