रिकाम्या जागेचा आवाज

घाटात एकटीच फिरताना हेमांगी कपारीत पडली. पाय अडकला, डोकं फुटलं. थोड्याच वेळात बचाव ड्रोन डोक्यावर येऊन थांबला आणि चक्क तिच्याच आवाजात म्हणाला, "घाबरायचं नाही हं! टीम निघालीये. तोवर झोपायचं मात्र नाही!"

तशातही तिला हसू फुटलं.

घाटात जाणाऱ्या प्रत्येकाने अर्जात आपल्या माणसाचा आवाज नोंदवून ठेवायचा, म्हणजे संकटात ड्रोन त्याच आवाजात धीर देतो. ज्यांनी ती जागा रिकामी सोडली, त्यांच्यासाठी बचाव पथकातल्या हेमांगीने हौसेने आपल्या आवाजात वाक्यं नोंदवून दिली होती. "अगं, समोर जखमी माणूस आहे, क्रिकेटची मॅच नाही!" पथकातला इरफान तेव्हा चिडवत होता. स्वतःची जागा मात्र तिनेही रिकामीच ठेवली होती. कोणाचा आवाज देणार?

तिचे डोळे मिटायला लागले.

"बोलत राहा बरं! घरी कोण वाट बघतंय तुमची?"

प्रथमोपचाराच्या वर्गात असंच शिकवतात, जखमीला घरच्यांबद्दल बोलतं करा.

"कोणी नाही."

"अरे वा! मग त्यांच्यासाठी जागं राहायचं!"

हेमांगी गारठलीच. हा आवाज फक्त कोणी नसलेल्यांनाच ऐकू येतो, आणि तिने त्यांना नेमकं हेच विचारलं होतं!

"थांब मूर्ख मुली," ती ड्रोनवर ओरडली, "वर येऊ दे मला, तुझं वाक्यच बदलते."

मग डोळे ताणून ती नवी वाक्यं जुळवू लागली. "सकाळी काय खाल्लंत?" छे! "तुम्हाला काय आवडतं?" हे बरं होतं. उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिनेच सांगायला सुरुवात केली.