मोकरानची बारा प्रेमगीतं

आमच्या गावचा गायक मोकरान जाऊन दहा वर्षं झाली. नुसत्या गिटारवर गायलेली, कधीच बाजारात न आलेली त्याची बारा प्रेमगीतं मी घरोघरच्या कॅसेटींतून गोळा केली. अल्बम उद्या इंटरनेटवर टाकणार होतो. त्याची प्रेयसी कोण, यावर आम्ही चाहते कायम भांडतो. मला मात्र पक्कं माहीत होतं. एका गाण्यात स्पष्ट आहे, "वर्दिया वाट बघतेय."

थेट गावातल्या वर्दियाआजीला गाठून ते गाणं ऐकवलं. आजी हसतच सुटली.

"अरे, हे माझं पत्र! नवरा तिकडे फ्रान्सला, मार्सेयच्या गोदीत कामाला. मला लिहिता येईना, त्याला वाचता येईना. मी बोलायचे, मोकरान चाल लावून कॅसेटवर गायचा. कॅसेट बोटीने जायची."

"म्हणजे शब्द तुमचे?"

"मग काय त्याचे? त्या बिचाऱ्याचं लग्न तरी झालं होतं का!"

कव्हरवर मी मोठ्या अक्षरांत टाकलं होतं, 'गीत आणि संगीत : मोकरान'. तिला वाचून दाखवलं. "खोडू?"

"अर्धंच खोड. चाल त्याचीच आहे." आजीने चपला घातल्या. "चल, बाकीच्या अकरा पत्रांवाल्या दाखवते. सगळ्या आत्ता ऑलिव्ह वेचतायत."